वर्दी माझ्या दुकानात होती

आधीच सांगते, माझं तोंड फटकळ. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "अगं, जगाच्या शर्टांना बटणं लावतेस, एखादं स्वतःच्या तोंडालाही लाव." तो गेला बिचारा, आणि माझं तोंड तसंच राहिलं. दुकानात ते खपून गेलं. गिऱ्हाइकं म्हणायची, बाई बोलायला तिखट, पण हात सफाईदार. फटकळ बोलण्यानं फार तर माणूस दुखावतो, एवढंच मला ठाऊक होतं.

पोलीस वसाहतीच्या फाटकासमोर माझं शिवणाचं दुकान आहे. दोन मशिनं, एक इस्त्रीचं टेबल, भिंतीला आरसा. बावीस वर्षं मी वर्दी शिवतेय. कुणाचं पोट किती सुटलं, कोण आजारपणात वाळला, कुणाची बदली झाली, सगळं मला मापाच्या वहीतून कळतं. साहेबसुद्धा माझ्यापुढे हात वर करून गप उभे राहतात.

हवालदार माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. खरं तर ते तेव्हा हवालदार नव्हतेच. बाहीवर दोनच फिती होत्या, तिसरी मिळाली की हवालदार. पण आम्ही तो हुद्दा त्यांना सरकारच्या आधी सात-आठ वर्षं देऊन टाकला होता. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना त्यांच्याच वर्दीचं पितळी बटण त्यानं गिळलं. मी नुसती किंचाळत उभी. हवालदारांनी त्याला काखेत मारलं आणि नुसत्या बनियनवर दवाखान्यापर्यंत पळत गेले. बटण दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेनं बाहेर आलं. तेव्हापासून ते त्याला बटण्या म्हणायला लागले, मग मीही. तो त्यांना काका म्हणायचा. शाळेत, बाहेर, कामावर त्याला त्याच्या खऱ्या नावानंच ओळखत. बटण्या तो आम्हा दोघांचाच, आणि फार तर हवालदारांच्या बायकोचा. त्यांना मी वहिनी म्हणते. त्यांना मूलबाळ नाही.

दोन वर्षांपूर्वी तो नवा कायदा आला. वर्दीत असलेल्या, किंवा पोलीस आहे हे माहीत असलेल्या माणसाचा जीव घेतला तर फाशी. दुसरी शिक्षाच नाही. न्यायाधीशाच्या मनात आलं तरी जन्मठेप देता यायची नाही. त्या आठवड्यात माझ्या दुकानात नुसती जत्रा. चार शिपाई, दोन जमादार, चहावर चहा. एकाच्या भावाला कुणीतरी गाडीखाली घातलं होतं, तो तर रडलाच. मी कात्री आपटून म्हणाले, "बरं झालं! अशांना लटकवलंच पाहिजे. त्यात न्यायाधीशाला काय विचारायचंय?"

हवालदार कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "ताई, तुम्ही माप न घेता शिवता का? शिक्षा आधी शिवून ठेवायची आणि माणूस मागून आणून त्यात कोंबायचा, हे काय खरं नाही."

"तयार कपड्यांची दुकानं चालतातच की!" मी म्हणाले.

सगळे खो खो हसले. हवालदारही हसले. उचलली जीभ लावली टाळ्याला, मला कुठं काय अडत होतं.

पुढं वर्षभरानं एकदा संध्याकाळी साडेसहाला ते दुकानात आले, ते चेहरा फुलवूनच. बढतीचा कागद हातात. दुसऱ्या दिवशी सकाळी परेडला नव्या हुद्द्यानं उभं राहायचं होतं. दुकानाच्या पडद्याआड जाऊन त्यांनी वर्दीचा शर्ट काढला, पिशवीतला निळा चौकडीचा शर्ट घातला आणि वर्दी माझ्या पुढ्यात टाकली. "तिसरी फीत, ताई. सरळ लावा. वाकडी लागली तर पहिल्याच दिवशी शिक्षा व्हायची."

"बावीस वर्षांत वाकडी लावली का कधी?"

"येतो पाऊण तासात," म्हणाले. मी पावती फाडली, वेळ घातली, अर्धी त्यांना दिली, अर्धी माझ्या खिळ्याला अडकवली.

ते आलेच नाहीत. आठच्या सुमारास दोन शिपाई आले. एक चष्मेवाला, कोवळा पोरगा, माझ्याकडे बघेना. दुसरा म्हणाला, "ताई, काकांचा शर्ट द्या. काका गेले. कुणीतरी डोक्यात पाना घातला." मी मशिनवरच बसून राहिले. तो म्हणाला, "साहेब म्हणालेत, वर्दीत ठेवा त्यांना. असं नको दिसायला."

एक बाही झाली होती, दुसरीची फीत राहिली होती. अर्धवट शर्ट द्यायला माझं मन धजेना. शिवणकामात आमची रीतच आहे, गेलेल्या माणसाचा कपडा उसवलेला, अर्धा शिवलेला द्यायचा नाही. "थांबा पाच मिनिटं," मी म्हणाले. डोळ्यांना धारा लागलेल्या, टीप दिसेना, तरी मी ती फीत सरळ लावली. इस्त्री फिरवली. घडी घालून दिला. आणि कपडा गेला की करते तेच केलं. खिळ्यावरची अर्धी पावती काढली, फाडली आणि चिंध्यांच्या डब्यात टाकली. सवय ती, दुसरं काही नाही.

नऊ वाजता मला कळलं की पाना मारणारा माझा मुलगा.

चष्मेवाल्याला तेव्हाच ठाऊक होतं. त्यानं नंतर पाया पडून माफी मागितली. काय करू त्या माफीचं?

झालं असं होतं. बटण्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये मिस्त्री. त्या संध्याकाळी जॅक कुणी मोडला यावरून त्याची आणि दुसऱ्या मिस्त्रीची जुंपली. फालतू गोष्ट, पण दोघंही माझ्यासारखेच भडकू. बटण्याच्या एका हातात पाना, दुसऱ्या हातात त्याची कॉलर. कुणीतरी मागून येऊन याचे खांदे धरले. यानं न बघता झटकन वळून हात फिरवला. एकच फटका. मग वळून बघतो तर काका. तो पळाला नाही. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तिथंच बसला होता, पोलिसांनी त्याला उचलून नेईपर्यंत.

मला वाटलं, गुन्हा मोठाच, पण न्यायाधीश माणूस बघेल. दहा वर्षं जाईल, पंधरा जाईल, मी जगले तर परत बघेन. मग आमचा वकील आला, सरकारनं दिलेला, तरुण, सदऱ्याची कॉलर झिजलेली. त्यानं आरोपपत्र माझ्यासमोर ठेवलं. पंचनाम्यात लिहिलं होतं, मयताच्या अंगात वर्दी. बाहीवर तीन फिती. कॉलरला रक्त.

"वर्दी माझ्या दुकानात होती!" मी ओरडले. "मेल्यावर घातली त्यांना!"

दवाखान्यात पोरांनी आपल्या काकांना मानानं वर्दी चढवली, आणि पंच आले त्यानंतर. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण एकदा कागदावर उतरलं, की ते पुसायची कुणाची छाती होती? मी एकेकाला विचारलं. माझ्याच हातचे कपडे अंगात घालून फिरणारी माणसं ती. म्हणायची, "ताई, आपलेच दात आणि आपलेच ओठ. आम्हाला यात ओढू नका." चष्मेवाला तर रजा टाकून गावालाच गेला.

वकील म्हणाला, "वर्दी खोटी ठरली तर हा कायदा लागत नाही. मग न्यायाधीशांच्या हातात काहीतरी उरेल. पुरावा आहे?"

पावती मी फाडली होती. हवालदारांकडची अर्धी त्या गडबडीत कुठं गेली, देव जाणे. शर्टावर माझीच टीप, म्हणजे शर्ट माझ्या दुकानातून गेला एवढंच सिद्ध होणार. कधी गेला, ते फक्त माझं तोंड सांगणार, आणि मी आरोपीची आई.

तेव्हा मी वहिनींकडे गेले. कुठल्या तोंडानं गेले, मलाच माहीत. त्यांनी दार उघडलं, बाजूला सरकल्या, पण बसा म्हणाल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात दोघी उभ्या. नळ ठिबकत होता.

मी सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तुमच्या मुलानं मारलं ते मारलंच ना?"

"मारलं," मी म्हणाले.

"मला वाटलं होतं, त्याला फाशी झाली की मला झोप लागेल. रोज रात्री तेच मनाशी म्हणते. झोप काही लागत नाही." त्या आत गेल्या आणि एक पिशवी घेऊन आल्या. दवाखान्यातल्या आयेनं त्यांच्या हाती दिलेली, वर चिठ्ठी चिकटवलेली, नाव आणि वेळ. आत निळा चौकडीचा शर्ट, कडक झालेला. "धुतला नाही मी. बटण्यासाठी देत नाहीये, समजलं? तो वर्दीचा शर्ट कोर्टात सगळ्यांपुढं धरतात, यातच गेले म्हणून सांगतात. ते यात गेले. हा मी घेऊन दिलेला. एवढं तरी खरं राहू दे त्यांचं."

मी त्यांचे हात धरायला गेले तर त्यांनी हात मागे घेतले. बरोबरच होतं त्यांचं. पण घरी येईपर्यंत माझा जीव भांड्यात पडला होता. चार महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

वहिनींनी कोर्टात शर्ट दिला. आयेची साक्ष झाली, चिठ्ठीवरची वेळ जुळली. सरकारी वकील त्यांच्यावरच उलटला, या बाईवर कुणाचा दबाव आहे का म्हणून विचारलं. वहिनी नाही म्हणाल्या. जेवढं विचारलं तेवढंच बोलल्या. हवालदारांनी त्या संध्याकाळी घरी फोन केला होता, त्यात काय सांगितलं, असं आमच्या वकिलानं विचारलं, तर म्हणाल्या, "वर्दी शिवायला टाकलीय, साधा शर्ट घातलाय म्हणाले." आणि गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी माझी साक्ष. बाहेरच्या बाकावर वकिलानं मला दहा वेळा बजावलं. "आई, फक्त शर्टाचं बोला. हो किंवा नाही. मुलाबद्दल एक अक्षर नको. वर्दी गेली की त्यांच्याकडे काही उरत नाही. कायद्यात दुसरी ओळ आहे, 'माहीत असलेला', तिकडे आपण जायचंच नाही. गॅरेजमध्ये हवालदारांना ओळखणारं कुणी नव्हतं. कळलं?"

"कळलं रे बाबा, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

शर्टाचं मी चोख सांगितलं. टीप दाखवली. एका बाहीची टीप सरळ आणि दुसरीची रडत घातलेली, हे भिंगातून बघा म्हणाले, आणि न्यायाधीशांनी खरंच भिंग मागवून बघितलं. म्हातारा माणूस, डोळ्याला पाणी येत होतं म्हणून सारखा रुमाल लावायचा. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, जिंकले.

मग सरकारी वकील उठला. आवाज अगदी मऊ. "बाई, गॅरेजच्या त्या दुसऱ्या मिस्त्रीनं जबाबात म्हटलंय, मागून येणारा माणूस ओरडला, 'बटण्या, सोड त्याला!' तो म्हणतो, बटण्या कोण ते आम्हाला कळलंच नाही. तुम्हाला काही सांगता येईल?"

आमचा वकील उभा राहून काहीतरी हरकत म्हणाला. न्यायाधीश म्हणाले, उत्तर देऊ द्या. आणि सरकारी वकील पुढं म्हणाला, "की हवालदार कुणा भलत्यालाच हाक मारत होते? तुमच्या मुलाचा आणि त्यांचा तसा काही संबंधच नव्हता, असं दिसतंय."

संबंध नव्हता! माझ्या मस्तकात तिडीक गेली. त्याला काय माहीत? बनियनवर धावत गेलेला माणूस, माझ्या पोराला सायकल शिकवणारा माणूस, आणि हा म्हणतो संबंध नव्हता.

"अहो, काय बोलताय!" मी पिंजऱ्याच्या कठड्यावर हात आपटला. "बटण्या म्हणजे माझाच मुलगा! ते नाव त्यांनीच ठेवलंय. जगात तीन माणसं त्याला बटण्या म्हणतात. पुरुषाच्या आवाजात तर एकटे तेच. तो आवाज माझा पोरगा झोपेतसुद्धा ओळखेल! बापासारखे होते ते त्याला. आणि त्यांच्यावर तो जाणूनबुजून हात उचलेल? सांगा ना!"

मला वाटलं, गप्प बसवलं मी त्याला. सरकारी वकील म्हणाला, "आणखी काही विचारायचं नाही," आणि बसला. मी आमच्या वकिलाकडे बघितलं. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं होतं आणि तो टेबलाकडे बघत होता. तेव्हाही मला कळलं नाही. बटण्याकडे बघितलं, तर तो माझ्याकडे बघून हलकेच हसला, लहानपणी शाळेत मी मास्तरांशी भांडायला गेले की हसायचा तसा.

बाहेर आल्यावर वकिलानं समजावून सांगितलं, पोरानं आवाज ओळखला म्हणजे मागं कोण होतं ते त्याला माहीत होतं, कायद्याची दुसरी ओळ लागली. मी म्हणाले, "पण त्याला ऐकूच आलं नाही! शेजारी हवेचा कंप्रेसर चालू होता. तो पहिल्या दिवसापासून सांगतोय!"

"समोरच्या मिस्त्रीला ऐकू आलं, आई. आणि आवाज ओळखेल, असं तुम्ही सांगितलंत."

"मग परत जाऊन सांगते, मी चुकले."

माझा हात धरून त्यानं मला बाकावर बसवलं आणि पाणी आणून दिलं.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी आधी शर्टाचं वाचलं. या बाईंचं म्हणणं खरं वाटतं, मयताच्या अंगात त्या वेळी वर्दी नव्हती, पंचनामा चुकीचा आहे. माझं म्हणणं खरं, असं कोर्टानं कागदावर लिहून दिलं. मग पुढं वाचलं. हाक ऐकू येण्याजोगी होती. आवाज आरोपीच्या ओळखीचा होता, हे त्याच्याच आईनं शपथेवर सांगितलं आहे. मारतेवेळी समोर कोण आहे हे त्याला माहीत होतं. मग त्यांनी कागद खाली ठेवला, रुमाल डोळ्यांना लावला, आणि म्हणाले, "शिक्षा ठरवायचं काम कायद्यानं माझ्याकडे ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर मी वेगळा विचार केला असता, हेही मी नोंदवतो."

मागच्या बाकावरून वहिनी उठल्या. "साहेब, नवरा माझा गेलाय," त्या म्हणाल्या. "मला नकोय त्याचा जीव."

"बसा, बाई," न्यायाधीश म्हणाले. रागानं नाही म्हणाले. मग त्यांनी ते शब्द वाचले.

वरच्या कोर्टात अर्ज गेलाय. वकील म्हणतो, तिथंही प्रश्न एवढाच, त्याला माहीत होतं की नव्हतं. माझी साक्ष कागदावर आहे, ती जिथं जाईल तिथं बरोबर जाते. मी विचारलं, आईला वेडी ठरवलं तर? तो म्हणाला, असं बोलू नका. दुकान मी उघडते. वर्दीवाले येतात, माप देतात, मान खाली घालून जातात. मी माप घेते. दुसरं मला येतंच काय?

मागच्या आठवड्यात वहिनी दुकानात आल्या. पहिल्यांदाच स्टुलावर बसल्या. इस्त्रीच्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, "फोनवर ते आणखी एक बोलले होते. कोर्टात मी गिळून टाकलं. म्हटलं, जेवढी जवळीक दिसेल तेवढं पोराचं वाईट होईल." मी हातातलं काम थांबवलं. "म्हणाले, बढतीचं बटण्याला सांगून येतो. तुझ्याआधी त्याला सांगतोय, रागावू नकोस हं."

त्या बाईला हे कळलं होतं. नवरा मेला तिचा, आणि माझ्या पोराचा जीव वाचावा म्हणून ती तोंड मिटून बसली. मी जन्म दिला त्याला, आणि माझ्यानं दोन मिनिटं गप्प राहवलं नाही. मी ढसाढसा रडले. त्यांनी या वेळी माझे हात धरले.

काल भेटीचा दिवस होता. मध्ये जाळी, बाजूला घड्याळ बघणारा शिपाई. बटण्या वाळलाय. शर्टाच्या खांद्यात दीड इंच तरी सैल झालाय, मला टेप लागत नाही. मी म्हणाले, "माझ्यामुळं रे, बाळा." तो म्हणाला, "तू खोटं कुठं बोललीस, आई? ओळखलाच असता मी आवाज." मग नखानं जाळीचा गंज खरवडत बसला.

"एक विचारू? काका कधीच गॅरेजवर यायचे नाहीत. त्या दिवशी कशाला आले होते गं? रोज तेच डोक्यात येतं."

माझ्या ओठांवर आलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, अगदी वाट बघत.

"मला काय ठाऊक," मी म्हणाले. "जात असतील कुठंतरी."

"हं," तो म्हणाला. शिपायानं वेळ झाली म्हणून सांगितलं.